फीसाठी हलवलेली हद्द

शिकायला वयाची अट नसते, असं जो कोणी पहिल्यांदा म्हणाला त्याची फी दुसऱ्याच कुणीतरी भरली असणार. मी त्रेपन्नाव्या वर्षी शिकायला निघालो. वयाची अट खरोखरच कुणी घातली नाही. बाकीच्या सगळ्या घातल्या.

सुरुवात टॉडनं केली. टॉड म्हणजे विमा कंपनीतला माझा साहेब. माझे काही टाय त्याच्यापेक्षा वयानं मोठे आहेत. आमची कंपनी मिशिगनच्या या भागातल्या शेतकऱ्यांची कोठारं, ट्रॅक्टर आणि छपरं यांचा विमा उतरवते, आणि छप्पर गारांनी फुटलं की मालकानं फोडलं हे ठरवण्यात माझी हयात गेली आहे. मार्चमध्ये एके सकाळी टॉडनं आम्हा सगळ्यांना बैठकीला बोलावलं. टेबलावर डोनट ठेवले होते. आमच्या कंपनीत फुकटचे डोनट दिसले की अनुभवी माणसं आधी घरी फोन करतात.

"नवा प्रोग्रॅम येतोय," टॉड म्हणाला. "दावे तोच तपासणार. आपल्याला त्याच्याशी बोलू शकणारी माणसं हवीत. पुढच्या वर्षी जूनअखेर ज्यांच्याकडे कम्युनिटी कॉलेजचं प्रोग्रॅमिंगचं सर्टिफिकेट असेल ते आपल्याबरोबर राहतील. बाकीचे नव्या संधी शोधायला मोकळे."

"सर्टिफिकेट घेतलं तर पगार वाढणार का?" मी विचारलं.

"लोएल, आपण याच्याकडे पगार म्हणून बघायचंच नाही," टॉड म्हणाला. "प्रवास म्हणून बघायचं." मी एक डोनट जास्त उचलला. प्रवासाला निघालेल्या माणसाजवळ काही खायला असावं.

खरं सांगायचं तर मला पगाराची एवढी फिकीर नव्हती. माणूस नोकरी पगारासाठी धरतो ही समजूत पन्नाशीपर्यंतच टिकते. त्यानंतर तो ती बायकोच्या गुडघ्यासाठी धरतो. माझी बायको कॉनी वाचनालयात अर्धवेळ काम करते. वाचनालय तिला जुनी पुस्तकं फुकट देतं, आरोग्य विमा देत नाही. तो माझ्या कंपनीकडून मिळतो. तिचा उजवा गुडघा पार झिजलेला, आणि तो बदलायची तारीख मिळाली होती ती पुढच्या वर्षीच्या जुलैची. इकडे टॉडची मुदत जूनअखेर. विम्याशिवाय गुडघा बदलायचा तर आधी घर विकावं लागतं, आणि मग नव्या गुडघ्यानं चढायला जिना कुठून आणणार? मला भीती वाटत होती. कॉनीलाही वाटत होती, पण ती जिन्यावर मध्येच थांबायची तेव्हा खिडकीतून बाहेर काहीतरी बघत असल्यासारखं दाखवायची.

तेव्हा मी कॉलेजात गेलो. तिथल्या खिडकीवर योलांडा प्रुइट नावाच्या बाई बसतात. त्यांनी माझ्यासमोर एक माहितीपत्रक सरकवलं. त्यावर निरनिराळ्या वर्णांची माणसं एकाच संगणकाकडे बघून हसत होती. मी तीस वर्षं संगणकाकडे बघतोय, मला एकदाही हसू आलेलं नाही. खाली छापलं होतं की सर्टिफिकेट घेतलेल्यांचा सरासरी पगार अमुक अमुक. आकडा बघून मी चष्मा पुसला.

"एवढा?"

"सरासरी आहे ती," योलांडाबाई म्हणाल्या. "एक मुलगा कॅलिफोर्नियाला गेला ना, त्यानं वर ओढलीय."

"आणि तो सोडून?"

"तो सोडून नाही छापत आम्ही. बरं, तुम्ही हद्दीतले का हद्दीबाहेरचे?"

"हद्दीतला," मी ठणकावून सांगितलं आणि पत्ता दिला. माझ्या पत्त्यात शेजारच्या झूटफेन शहराचं नाव येतं, आणि झूटफेन कॉलेजच्या हद्दीत आहे हे शेंबडं पोरही सांगेल.

बाईंनी नकाशा काढला. "टपाल कुठून येतं ते टपालवाल्यांनी बघावं. घरपट्टी कुठं भरता तुम्ही?"

"सॉरेलला."

"अगंबाई, सॉरेल का!" त्या म्हणाल्या, आणि त्यांनी हद्दीबाहेरच्यांची फी सांगितली. ती जवळजवळ दुप्पट होती. फरक सतराशे डॉलरचा.

इथं सॉरेलविषयी थोडं सांगायला हवं. पुष्कळ वर्षांपूर्वी हे कॉलेज उभं राहिलं तेव्हा आजूबाजूच्या सगळ्या गावांनी घरपट्टीत थोडी कॉलेजपट्टी घालायला संमती दिली, आणि बदल्यात त्यांच्या पोरांना अर्धी फी लागू झाली. पट्टी म्हणजे वर्षाला दोन पिझ्झ्यांचे पैसे. एकट्या सॉरेलनं मतदान करून सांगितलं, नको. आम्ही सगळे हॉलंडहून आलेल्यांचे वंशज. पूर्वजांनी निघताना घरदार, शेतीवाडी, म्हातारे आईबाप सगळं मागं सोडलं, पण पैशाचं पाकीट विसरले नाहीत. आमच्या चर्चमध्ये प्रवचन सुरू झालं की पेपरमिंटच्या गोळ्या बाकावरून पुढं सरकवायची पद्धत आहे. माझा शेजारी हार्लन वीर्स्मा त्यातली गोळी दातांनी अर्धी करतो आणि उरलेली अर्धी संध्याकाळच्या प्रवचनाला काढतो. हा हार्लन खुर्च्यांच्या कारखान्यात हिशेबनीस होता. त्या वेळच्या 'पट्टी नको' मोहिमेचा प्रमुखही तोच.

बातमी गावात पोचायला वेळ लागला नाही. मी गाडीतून उतरायच्या आत सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं, झूटफेनमध्ये सामान ठेवायची एक खोली भाड्यानं घे आणि तोच पत्ता लाव. कुणी म्हणालं, मेव्हण्याकडे राहायला जा. माझा मेव्हणा झूटफेनला राहतो ही गोष्ट खरी, पण त्याच्याकडे राहण्यापेक्षा मी कॅलिफोर्नियाला चालत गेलो असतो. पाद्रीबाबांनी प्रार्थना सुचवली, ती हद्दीच्या आतबाहेर सारख्याच दरानं चालते. आणि गावातल्या झाडून सगळ्यांनी, ज्यांनी आयुष्यात संगणक फक्त केकची कृती छापायला वापरला होता अशांनीसुद्धा, सांगितलं की हे सगळं यूट्यूबवर फुकट असतं.

"यूट्यूब सर्टिफिकेट देत नाही," मी म्हणायचो.

"मग तू काय शिकायला जातोयस की कागद आणायला?" हार्लननं कुंपणापलीकडून विचारलं. या प्रश्नाचं खरं उत्तर सगळ्या देशाला माहीत आहे, पण ते मोठ्यानं द्यायची पद्धत नाही.

"एक उपाय आहे," तोच पुढं म्हणाला. "कॉनीशी कागदोपत्री घटस्फोट घे. मग तू कुठंही राहतोस असं दाखवता येतं."

"वकिलाची फी?"

"हां, ती आहे," हार्लन म्हणाला आणि गंभीरपणे पुन्हा गवत कापायला लागला.

रात्रीच्या जेवणानंतर मी पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. एका बाजूला खर्च, दुसऱ्या बाजूला फायदा. फायद्याच्या बाजूला फक्त 'आहे ते राहील' एवढंच लिहिता आलं.

"सरळ जास्तीची फी भर," कॉनी बर्फाची पिशवी गुडघ्यावर धरून म्हणाली. "ऑगस्टला वर्ग सुरू होतो, मेमध्ये संपतो. विषय संपला."

"तत्त्वाचा प्रश्न आहे, कॉनी."

"तत्त्व नाहीये ते. सतराशे डॉलर आहेत."

"शेजारचा माणूस निम्म्यात शिकतो आणि मी दुप्पट का भरायची? माझं गाव कुंपणाच्या चुकीच्या बाजूला आहे म्हणून?" आणि हे बोलता बोलताच माझ्या डोक्यात ती कल्पना आली. मी हद्दीत जाऊ शकत नव्हतो. मग हद्दच माझ्याकडे आणली तर? ऑगस्टच्या सुरुवातीला तसंही मतदान होतं. सॉरेलनं कॉलेजला सामील व्हावं का, एवढा एक प्रश्न त्या मतपत्रिकेवर आला की काम झालं. कॉनीनं बर्फाची पिशवी गुडघ्यावरून काढून कपाळाला लावली.

मतपत्रिकेवर प्रश्न आणायचा तर आधी गावकऱ्यांच्या सह्या हव्यात. मी दारोदार फिरलो. लोक खरोखर चांगले. घरात बोलावलं, पातळ कॉफी दिली, त्यांच्या छपरांवर गेल्या वर्षी पडलेल्या गारांविषयी माझ्याशी भांडले आणि सह्याही केल्या. सगळा गठ्ठा मी गावच्या चिटणीस मर्नाबाईंकडे नेला, तर त्यांनी अर्ध्याहून जास्त कागद परत केले.

"पेन्सिलीनं केल्यात," मर्नाबाई म्हणाल्या. "चालत नाहीत."

मी पुन्हा दारोदार गेलो. "पेन्सिलीनं का सही केलीत हो?" लोक शांतपणे म्हणाले, "मन बदललं तर?" शाईनं सही करायच्या आधी मात्र त्यातल्या निम्म्यांनी सगळा कागद वाचून काढला, आणि काहींचं मन तेवढ्यात खरंच बदललं. तरी कशाबशा सह्या भरल्या.

मग फलक. आमच्याकडे निवडणूक आली की माणसं आपली मतं आपल्या घरापुढच्या हिरवळीत रोवतात. मी 'कॉलेज हवं' असे दोनशे फलक छापून घेतले. शंभर पुरले असते, पण दोनशेचा दर पाहून सॉरेलच्या माणसाला राहवत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर रस्त्याकडेचे माझे चाळीस फलक उपटून आमच्याच पायऱ्यांवर नीट रचून ठेवलेले. शेजारी हार्लन मोजपट्टी घेऊन उभा. गावच्या नियम समितीचा अध्यक्ष तोच आहे.

"रस्त्याच्या कडेपासून दहा फूट हवेत," तो म्हणाला. "तुझे नऊ फुटांवर होते."

"आणि तुझे 'पट्टी नको'वाले?"

"माझेही सहा चुकले होते. ते काढले आणि स्वतःला दंड लावला." त्यानं खिशातून मर्नाबाईंची पावती काढून दाखवली. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? शत्रू जरा तरी लबाड असला तर मोहिमेला रंग चढतो.

जुलैमध्ये मी अग्निशमन केंद्रात पॅनकेकची न्याहारी ठेवली. मतं मागायची तर पॅनकेक घालावेच लागतात. या देशात अजून कुणी उपाशीपोटी पटवून घेतलेलं नाही. अर्धं गाव आलं. मी चुलीपाशी एप्रन बांधून उभा. कॉलेजचं महत्त्व सांगायला मी घसा साफ केला, त्याच क्षणी भोंगा वाजला. कुणाच्या तरी गवताला आग लागली होती. वाढणारे सगळे स्वयंसेवक बंबावर चढून गेले आणि खाणारे सगळे आपापल्या गाड्यांतून आग बघायला त्यांच्यामागं गेले. केंद्रात मी, तीनशे माणसांचं पीठ आणि हार्लन उरलो. हार्लन पानावरून उठला नाही. त्यानं पाचव्यांदा पॅनकेक घेतले, वर सिरपची बाटली उलटी धरून शेवटच्या थेंबापर्यंत वाट पाहिली आणि म्हणाला, "छान झालेत. मत मात्र मी विरुद्धच देणार."

"अरे, पण पाच वेळा खाल्लेस तू!"

"फुकट होते ना," तो म्हणाला.

कॉनी हे सगळं घरी टिपून ठेवत होती असं नाही, पण तिला बेरीज तोंडी येते. एका संध्याकाळी ती म्हणाली, "फलक, पीठ, सिरप, पेट्रोल धरून तू सतराशेच्या वर गेलायस. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला." मी म्हणालो, आता प्रश्न माझ्या एकट्याच्या फीचा राहिला नाही, गावाच्या भवितव्याचा आहे. माणूस असं बोलायला लागला की समजावं, त्याचा हिशेब चुकलाय.

मतदानाच्या आधीच्या आठवड्यात चर्चच्या तळघरात जाहीर सभा झाली. मी बोललो. ज्ञान, प्रगती, येणाऱ्या पिढ्या वगैरे सगळं काढलं. मग हार्लन उठला.

"लोएलला एक कोर्स करायचाय," तो म्हणाला. "त्यासाठी आपण सगळ्यांनी जन्मभर पट्टी भरायची? त्यापेक्षा वर्गणी काढा ना. हे माझे वीस डॉलर." आणि खरंच त्यानं वीसची नोट टेबलावर ठेवली. हार्लन वीर्स्माच्या पाकिटातून नोट बाहेर येताना त्या पिढीनं पाहिली नव्हती. मग बायकांच्या पर्स उघडायला लागल्या. पाद्रीबाबांनी हात खिशात घातला. त्या पाच मिनिटांत सतराशे डॉलर गोळा झाले असते, मी कॉलेजात गेलो असतो, मेमध्ये सर्टिफिकेट आणलं असतं आणि ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती.

मी ताडकन उभा राहिलो. "मला भीक नको!" मी गरजलो. "मला धोरण हवं!"

काही लोकांनी टाळ्या वाजवल्या. कॉनीनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं तिचं वर्णन मी करणार नाही. हार्लननं आपली नोट उचलली, घडी घातली आणि परत पाकिटात ठेवली.

आम्ही सात मतांनी जिंकलो. सॉरेल हद्दीत आलं. मला आयुष्यात पहिल्यांदा वर्तमानपत्रवाल्यांनी फोन केला आणि माझं आडनाव चुकीचं छापलं. कॉलेजला इतका आनंद झाला की त्यांनी प्रवेशाचं टेबल खास आमच्या गावच्या सभागृहात मांडलं. योलांडाबाई स्वतः आल्या, केक आला, कॉलेजचे अध्यक्ष आले, आणि त्यांनी मला चार शब्द बोलायला सांगितलं.

चार शब्दांत माझं कधी भागलंय? मी मोहिमेची कहाणी सांगितली. पेन्सिलीच्या सह्या सांगितल्या, भोंगा सांगितला. लोक हसले म्हणून गेल्या वर्षीच्या गाराही सांगितल्या. अध्यक्षांनी माझ्याबरोबर फीत कापली. पहिला फोटो हलला म्हणून फीत पुन्हा बांधून पुन्हा कापली. टाळ्यांच्या गजरात मी टेबलापाशी गेलो तेव्हा योलांडाबाई खाली मान घालून पेन चाळवत होत्या.

"प्रोग्रॅमिंगचा वर्ग भरला हो," त्या म्हणाल्या. "शेवटची जागा आत्ताच गेली. तुम्ही ते गारांचं सांगत होतात तेव्हा."

"कुणाला गेली?"

बाजूला हार्लन उभा होता. एका हातात केक, दुसऱ्या हातात प्रवेशाची पावती. "साठीच्या पुढच्या रहिवाशांना फी माफ आहे," तो म्हणाला. "मला माहीतच नव्हतं. पट्टी तर आता भरायचीच आहे. मग वसूल नको का करायला?"

"पण तुला प्रोग्रॅमिंग कशाला हवंय, हार्लन?"

"मला विणकाम चाललं असतं. पण त्याला साहित्याचे पैसे पडतात."

मी प्रतीक्षायादीत पहिला होतो. पहिला, हे मी घरी दोनदा सांगितलं. कॉनी म्हणाली, पलीकडच्या जिल्ह्यातल्या कॉलेजात जागा आहेत, तिथं बाहेरच्यांची फी भर आणि आत्ताच्या आत्ता जा. ती बरोबर होती. पण ज्या माणसानं निम्म्या फीसाठी गावाची हद्द हलवली त्यानं आता दुसऱ्या गावात जाऊन पूर्ण फी भरायची? मग मर्नाबाई काय म्हणतील? मी जानेवारीची वाट पाहायचं ठरवलं. तेव्हा बाकीच्यांचा अर्धा अभ्यासक्रम झालेला असणार होता, आणि माझा जूनपर्यंत अर्धाच होणार होता. पण अर्धं सर्टिफिकेट म्हणजे काही अगदीच नाही असं नाही, टॉड माणूस आहे, समजून घेईल, असं मी स्वतःला सांगितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण ते करताना कळत नाही.

हार्लन अभ्यासात हुशार निघाला. त्यात नवल नव्हतं. संगणकाला काही वाया गेलेलं खपत नाही आणि हार्लनलाही नाही. शरदात तो माझ्या गाडीतून कॉलेजला यायचा, कारण पेट्रोल वाचतं, आणि मी बाहेर गाडीत बसून वर्गातून कुणी गळतंय का याची वाट बघायचो. कुणी गळलं नाही. जानेवारीत मी सुरुवात केली तेव्हा मीच त्याच्या स्वयंपाकघरात वही घेऊन जायला लागलो. तो शिकवायचा. चांगलं शिकवायचा. अर्धी पेपरमिंटही द्यायचा.

मेमध्ये त्याला सर्टिफिकेट मिळालं. जून संपता संपता टॉडनं मला बोलावलं. डोनट नव्हते, म्हणजे एकट्यालाच बोलावलं होतं.

"तुझ्या प्रवासाचा आम्हाला फार आदर आहे," टॉड म्हणाला. "पण सर्टिफिकेट अर्धं आहे."

"डिसेंबरात पूर्ण होईल."

"जागा भरली लोएल. बाहेरचा एक उमेदवार मिळाला. पूर्ण सर्टिफिकेट, हिशेबाचा चाळीस वर्षांचा अनुभव, आणि," इथं टॉड पुढं झुकला, जणू काही मला आनंदाची बातमी देतोय, "त्याला आपला आरोग्य विमा लागत नाही! पासष्टीच्या पुढचा आहे, त्याला सरकारी आहे. कंपनीचे केवढे पैसे वाचतात सांग."

मला नाव विचारायची गरज पडली नाही. मी विमा कंपनीतला माणूस, आणि मला काढलं होतं कारण मला विमा लागत होता. मी टॉडला जुलैबद्दल सांगितलं. गुडघ्याबद्दल सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणासमोर गयावया केली, आणि तीसुद्धा माझ्या टायपेक्षा लहान माणसासमोर. एक महिना दे, म्हणालो. टॉडच्या डोळ्यांत खरोखर वाईट वाटल्याचं दिसलं. पण त्यानं सांगितलं की तारीख त्याच्या हातात नाही, आपण सगळे एक कुटुंब आहोत आणि कुटुंबाला शिस्त लागते.

घरी जायचं धाडस होईना म्हणून मी कॉलेजात गेलो. उरलेलं सर्टिफिकेट तरी कितीला पडेल ते विचारावं. योलांडाबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"नोकरी गेली? मग तुम्हाला फीच नाही! नोकरी गेलेल्यांना सगळं माफ आहे."

"सॉरेल हद्दीत आलं म्हणून?"

"छे हो. या योजनेत गाव विचारतच नाहीत. तुम्ही कुठलेही असा." मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी मला पाणी विचारलं.

घराच्या पायऱ्यांवर कॉनी आणि हार्लन बसले होते. कॉनीचा पाय पाटावर ठेवलेला. तिचे डोळे बघून कळलं की ऑफिसातून कुणीतरी आधीच घरी फोन केलाय आणि तिला सगळं कळलंय. हार्लनच्या गळ्यात आमच्या कंपनीचं ओळखपत्र होतं. फुकट मिळालंय म्हणून त्यानं ते लगेच अडकवलं असणार. मी पायरी न चढता खालीच उभा राहिलो.

"मनाला लावून घेऊ नकोस," हार्लन म्हणाला. "मी फक्त सर्टिफिकेटचं काही मोल येतं का ते बघायला गेलो होतो. त्यानं विचारलं, विमा लागेल का? म्हटलं, नाही. म्हणाला, सोमवारपासून या. ती जागा तुझी आहे ते मला आज दुपारी कॉनीकडून कळलं."

"अभिनंदन," मी म्हणालो. माझा आवाज मला बरा वाटला नाही.

"मी सोमवारी जाणार नाहीये." हार्लननं ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळली आणि परत सोडली. "टॉडला फोन केला आत्ता. म्हटलं, मी एक ऑगस्टच्या आधी येत नाही, जमत असेल तर बघ. म्हटलं, जुलै हा गारांचा महिना, तोवर आधीचा माणूस ठेव नाहीतर दावे कुजतील. कुरकुरला जरा. मग म्हणाला, ठीक आहे. तुला उद्या सांगेल."

कॉनीनं चेहरा पलीकडे वळवला. ऑपरेशनची तारीख जुलैच्या नऊची होती. हार्लनला ती ठाऊक होती, कारण त्या दिवशी आम्हाला दवाखान्यात कोण नेणार यावर गेल्याच रविवारी चर्चबाहेर बोलणं झालं होतं.

"एक महिन्याचा पगार सोडतोयस तू," मी म्हणालो. हार्लन वीर्स्मानं एक महिन्याचा पगार सोडला हे वाक्य मला तोंडातून नीट काढता येईना.

"सोडतोय कुठला," तो चिडून म्हणाला. "जुलैत मला वेळच नाही. मासे लागतात तळ्यात."

हार्लन मासे खात नाही, काट्यांना भितो. गळाला लावायच्या किड्यांना पैसे पडतात म्हणून त्यानं जन्मात गळ हातात धरलेला नाही. हे मला, कॉनीला आणि सगळ्या सॉरेलला माहीत आहे. मी पायऱ्या चढून त्याच्या शेजारी बसलो.

"हो," मी म्हणालो, "यंदा मासे चांगले आहेत म्हणतात."